गिटार अ‍ॅम्पचा आवाज अचानक गेला : सोलापुरातल्या वादकांचे नेहमीचे प्रश्न

मी सोलापुरात अ‍ॅम्प दुरुस्त करतो. ऑर्केस्ट्रात वाजवणारे, चर्चमध्ये वाजवणारी पोरं, कॉलेजचे बँड, घरी एकट्याने शिकणारे, सगळेच येतात. बार्शी, पंढरपूर, अक्कलकोटहूनही येतात. तक्रार जवळपास एकाच शब्दांत असते : "काल रात्रीपर्यंत मस्त वाजत होता, आज आवाजच नाही." त्यातले कितीतरी अ‍ॅम्प मी न उघडताच परत दिलेत, कारण बिघाड आत नव्हताच. एवढं जड धूड लांबून उचलून आणायचं आणि पाच मिनिटांत वायर बदलून परत न्यायचं, हे बघून मला वाईट वाटतं. म्हणून आधी हे वाचा, मग अ‍ॅम्प उचला.

आवाज अचानक गेला. पहिल्यांदा काय करू?

मास्टर व्हॉल्यूम खाली आणा. आवाज येत नाही म्हटलं की प्रत्येकाचा हात व्हॉल्यूमवर जातो आणि बटण दहावर पोहोचतं. मग सुटलेला संपर्क अचानक जुळतो आणि पूर्ण ताकदीचा दणका स्पीकरमध्ये शिरतो. मूळ दोष साध्या वायरीचा असतो, पण जळते स्पीकरची कॉइल.

मग मधलं सगळं काढून टाका. पेडल नको, वायरलेस नको, मल्टी-इफेक्ट नको. गिटार, एक वायर आणि अ‍ॅम्प. वायर अशी घ्या, जी दुसऱ्या अ‍ॅम्पवर आत्ता चाललेली तुम्ही स्वतःच्या कानांनी ऐकलीय. "ही चांगलीच आहे, परवाच आणलीय" असं म्हणून घेतलेली वायर कितीदा तरी फसवते.

एवढ्यावर आवाज आला तर अ‍ॅम्प ठणठणीत आहे. आता एकेक पेडल परत जोडत जा. ज्या पेडलपाशी आवाज जाईल तिथे चोर सापडला. ट्यूनर पेडल दाबलेलं असेल तर ते आवाज मुद्दाम बंद ठेवतं. नॉइज गेट फार वर लावला असेल तर हलक्या हाताने वाजवलेलं तो गिळून टाकतो. पेडलचा अ‍ॅडॅप्टर मेला तरी बऱ्याच पेडलमधून आवाज पुढे जात नाही, मग ते पेडल बंद ठेवलेलं असो की चालू.

तारेपासून स्पीकरच्या कागदापर्यंत आवाज एकाच वाटेने जातो. तो कुठवर येतो आणि कुठे अडतो, एवढंच आपल्याला शोधायचंय. खालची बहुतेक उत्तरं याच शोधाची आहेत.

अ‍ॅम्पचा दिवाही लागत नाही. संपला का?

नाही. आधी त्याच सॉकेटला मोबाइलचा चार्जर लावून बघा. मग पॉवर कॉर्ड बदला. बहुतेक अ‍ॅम्पना कॉम्प्युटरला लागते तशीच कॉर्ड लागते, घरात एखादी असतेच. मागच्या सॉकेटमध्ये ती नीट आतपर्यंत बसलीय का तेही बघा, कंपनाने ती हळूहळू बाहेर सरकते. एक्स्टेन्शन बोर्डावर लावलं असेल तर थेट भिंतीच्या सॉकेटला लावा. मंडपातल्या बोर्डांत पिना सैल झालेल्या असतात, वायर हलली की ठिणगी उडते आणि हळूहळू संपर्क काळा पडतो.

एवढं करूनही दिवा लागला नाही, तर फ्यूज.

फ्यूज कुठे असतो आणि कोणता घालायचा?

बऱ्याच अ‍ॅम्पमध्ये पॉवर सॉकेटच्या खालीच एक छोटा खण असतो, किंवा मागे फिरवून काढायची काळी टोपी असते. आधी पॉवर कॉर्ड पूर्ण काढा, मग खण उघडा. काही फ्यूज आतल्या बोर्डावर असतात. ते घरी शोधायला जाऊ नका.

काचेच्या नळीच्या टोकांवर आकडे कोरलेले असतात. त्यापुढचं किंवा मागचं अक्षर महत्त्वाचं आहे : टी म्हणजे उशिरा उडणारा, एफ म्हणजे लगेच उडणारा. अ‍ॅम्प सुरू होताना क्षणभर जास्त करंट ओढतो, म्हणून तिथे बहुधा टी असतो. त्याजागी एफ घातला तर चांगल्या अ‍ॅम्पमध्येही तो उडेल. आणि जास्त अँपिअरचा घातला तर फ्यूज टिकेल, ट्रान्सफॉर्मर जाईल. अ‍ॅम्पच्या पाठीवर जे छापलंय तेच घाला.

नवा फ्यूज घातला, सुरू केला, पुन्हा उडाला : तिथेच थांबा. तिसरा घालू नका. चांदीचा कागद गुंडाळू नका, तारेचा तुकडा तर अजिबात नको. आत काहीतरी शॉर्ट आहे आणि फ्यूजने आपलं काम केलंय. आमच्याकडे असा अ‍ॅम्प सिरीज दिव्यावर लावतात. शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब अ‍ॅम्पच्या वाटेत जोडायचा. अ‍ॅम्प ठीक असेल तर बल्ब क्षणभर उजळून मंद होतो. शॉर्ट असेल तर लख्ख पेटून राहतो, आणि आणखी काही जळत नाही. अशा कामासाठी मी फिलामेंटचे बल्ब जपून ठेवलेत, एलईडी बल्बने ही परीक्षा होत नाही.

दिवा लागतो, पण आवाज शून्य. दोष कुठल्या बाजूला आहे हे कसं कळेल?

खोली शांत करा, पंखा बंद करा, व्हॉल्यूम मध्यावर ठेवा आणि कान स्पीकरपासून हातभर अंतरावर न्या. बारीक सूंऽऽ ऐकू येतं का? येत असेल तर स्पीकर आणि पॉवर विभाग (स्पीकर हलवायची ताकद देणारा शेवटचा भाग) जिवंत आहेत, अडचण अलीकडे आहे : वायर, गिटार, इनपुट जॅक किंवा प्रीअ‍ॅम्प (गिटारचा बारीक आवाज आधी वाढवणारा पहिला भाग). काहीच ऐकू येत नसेल तर अडचण पलीकडे आहे.

आता व्हॉल्यूम दोनवर आणा. वायर अ‍ॅम्पमध्ये ठेवून गिटारकडचं टोक काढा आणि पिनच्या अगदी टोकाला बोट लावा. घर्रर असा गुणगुणता आवाज आला तर इनपुटपासून स्पीकरपर्यंत वाट मोकळी आहे, दोष गिटारमध्ये आहे. ही परीक्षा सॉकेटला अर्थिंग असेल तरच करा, त्याबद्दल पुढे लिहिलंय.

अ‍ॅम्पच्या मागे लाइन आउट असेल तर तिथून एखाद्या मिक्सरला जोडून बघा. तिथे आवाज आला आणि स्पीकरवर नाही, म्हणजे प्रीअ‍ॅम्प ठीक, पॉवर विभाग किंवा स्पीकर बिघडलाय. अर्धा शोध तिथेच संपतो.

दोन चॅनेलचा अ‍ॅम्प असेल तर दुसऱ्या चॅनेलचा व्हॉल्यूम शून्यावर आहे का तेही बघा. फूटस्विचवर पाय पडून चॅनेल बदललेला असतो आणि माणूस तासभर वायरी बदलत बसतो. हे अनुभवी वादकांकडूनही होतं.

मागे सेंड आणि रिटर्न अशी दोन भोकं आहेत. मी ती कधीच वापरली नाहीत. त्यांचा संबंध असू शकतो?

फार मोठा संबंध आहे. या एका प्रश्नासाठी मी हे सगळं लिहायला बसलो म्हटलं तरी चालेल.

बऱ्याच अ‍ॅम्पमध्ये प्रीअ‍ॅम्पचा आवाज पॉवर विभागाकडे जाताना रिटर्नच्या जॅकमधून जातो. त्या जॅकमध्ये एक बारीक पत्ती असते. पिन घातलेली नसताना ती दुसऱ्या पत्तीला टेकून राहते आणि आवाज पुढे सरकतो. पिन घातली की पत्ती उचलली जाते. आता तुम्ही तिथे कधीच पिन घातली नाही, तर ती पत्ती वर्षानुवर्षं एकाच जागी टेकून असते. तिच्यावर हवेचा परिणाम होतो, काळा थर चढतो, धूळ बसते. सुरुवातीला आवाज मधूनच बारीक होतो, जोरात वाजवलं की परत येतो. मग एक दिवस येतच नाही. अ‍ॅम्पच्या आतला एकही भाग बिघडलेला नसतो.

मकर संक्रांतीच्या आधी, सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या कार्यक्रमांची धावपळ असते त्या दिवसांत, एक ऑर्केस्ट्रावाला स्कूटरच्या पायदानावर अ‍ॅम्प ठेवून आला होता. चादरीत गुंडाळलेला, वरून दोरीने बांधलेला. त्याला एका ठिकाणी सांगितलं होतं की बोर्ड गेलाय, नवा घ्यावा लागेल. घरी बायकोला अजून सांगितलं नव्हतं. मी पेडलमध्ये वापरतात ती वीतभर लांबीची वायर घेतली, एक टोक सेंडमध्ये, दुसरं रिटर्नमध्ये घातलं आणि त्याला वाजवायला सांगितलं. पहिलाच कॉर्ड खणखणीत वाजला. तो वाजवत राहिला, थांबेचना.

नंतर मी रिटर्नमध्ये पिन दहा-बारा वेळा घातली आणि काढली. शेवटी बाहेर आली तेव्हा तिच्या टोकाला निळसर तंतू गुंडाळलेला होता, केसाहून बारीक. पूर्व भागात त्याच्या घराला लागूनच यंत्रमागाचा कारखाना आहे, टॉवेल निघतात. दिवसभर हवेत सूत तरंगतं आणि कुठे जाऊन बसेल ते सांगता येत नाही. जॅक काढून बघितला तर पत्तीवर पिनच्या टोकाएवढा काळा ठिपका होता. कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसला. तेवढीच दुरुस्ती.

म्हणून सेंडपासून रिटर्नपर्यंत एक वायर लावून बघा. आवाज आला तर दोष पत्तीत आहे. कार्यक्रम तोंडावर असेल तर ती वायर तशीच लावून बिनधास्त वाजवा, अ‍ॅम्पला काहीही होत नाही. सवडीने जॅक साफ करा. महिन्यातून एकदा तिथे पिन घालून काढायची सवय ठेवली तर ही वेळ बहुधा येत नाही.

आणखी एक उपयोग : फोनचं गाणं वायरने रिटर्नमध्ये सोडा, फोनचा आवाज अगदी कमी ठेवून. गाणं ऐकू आलं तर पॉवर विभाग आणि स्पीकर दोन्ही ठीक आहेत, दोष प्रीअ‍ॅम्पमध्ये आहे.

हेडफोनमध्ये आवाज येतो, स्पीकरमध्ये नाही.

हेडफोनच्या जॅकमध्येही तशीच पत्ती असते. पिन घातली की स्पीकर तोडायचा, काढली की जोडायचा, हे तिचं काम. ती मळली किंवा वाकून वरच राहिली, तर अ‍ॅम्पला वाटतं हेडफोन लावलेलाच आहे. पिन पंधरा-वीस वेळा घालून काढून बघा. छोट्या सराव-अ‍ॅम्पमध्ये मला सर्वाधिक दिसणारा दोष हाच. नाही जुळलं तर जॅक बदलावा लागतो. काम छोटं आहे.

वायर बाहेरून चांगली दिसते. तीच खराब आहे हे कसं ओळखायचं?

वायर जवळपास नेहमी पिनच्या तोंडाशी तुटते, जिथे ती वाकते तिथे. आतली मधली तार किंवा बाहेरची जाळी सोल्डरपासून सुटते. मल्टीमीटर बीपवर ठेवा : एका टोकाच्या पिनचं टोक ते दुसऱ्या टोकाच्या पिनचं टोक, बीप यायला हवी. दांडा ते दांडा, बीप यायला हवी. टोक ते दांडा, बीप येता कामा नये. तपासताना वायर दोन्ही तोंडांशी हलवत राहा, कारण स्थिर ठेवली की तुटलेली तारही कधी कधी टेकलेली असते.

दुरुस्तीला नवी पिन हवी असेल तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात पी-३८ मोनो पिन म्हणून मागा. लोखंडी टोपीची घ्या, प्लास्टिकची घेऊ नका. आणि वायर गुंडाळताना कोपराभोवती आवळून गुंडाळू नका, मोठे सैल वेढे घ्या.

दोष गिटारमध्ये आहे हे नक्की कसं करू?

गिटारमध्ये वायर घाला, व्हॉल्यूम पूर्ण उघडा, आणि वायरीच्या मोकळ्या टोकावर मल्टीमीटरने टोक ते दांडा ओहम मोजा. साध्या, बिनबॅटरीच्या पिकअपची (तारांचं कंपन पकडणाऱ्या भागाची) गिटार असेल तर ५ ते १५ किलोओहमच्या आसपास आकडा यायला हवा. शून्य आला तर आत शॉर्ट आहे, काहीच आला नाही तर तार सुटलीय. पिकअपचा सिलेक्टर फिरवून प्रत्येक जागी मोजा. एकाच जागी आवाज जात असेल तर तो पिकअप किंवा सिलेक्टर, बाकी गिटार ठीक.

सगळ्यात नेहमीचा दोष : गिटारच्या जॅकचा नट सैल होतो, वायर घालताना अख्खा जॅक फिरतो आणि आतल्या तारा पिळून तुटतात. नट सैल वाटला तर तो घट्ट करताना जॅक आतून धरून ठेवा.

अ‍ॅक्टिव्ह पिकअप किंवा अकूस्टिक गिटारमधला प्रीअ‍ॅम्प असेल तर ९ व्होल्टची बॅटरी बदला. वायर गिटारला लावून ठेवली की आतली सर्किट सुरूच राहते आणि रात्रभरात बॅटरी उतरत जाते. बॅटरी संपताना आधी आवाज फाटतो, मग बारीक होतो, मग जातो. हा क्रम आठवत असेल तर अ‍ॅम्पकडे बघायची गरजच नाही.

स्पीकर गेलाय का हे घरी तपासता येतं?

येतं. अ‍ॅम्प बंद करा, पॉवर कॉर्ड काढा. मागची बाजू उघडी असलेला कॉम्बो (अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) असेल तर आत बघा : स्पीकरच्या दोन पट्ट्यांवर सरकवून बसवलेल्या वायरी असतात. कंपनाने त्या निसटतात. मोठ्या आवाजात चाललेला अ‍ॅम्प एका क्षणात गप्प झाला, तर ही शक्यता आधी धरा. फक्त व्हॉल्व्ह अ‍ॅम्प असेल तर आतल्या तापलेल्या व्हॉल्व्हना (काचेच्या नळ्यांना) हात लावू नका आणि चेसिसच्या, म्हणजे सगळे भाग बसवलेल्या लोखंडी पेटीच्या, आत हात घालू नका.

दोन्ही वायरी स्पीकरवरून काढा आणि घड्याळाचा १.५ व्होल्टचा सेल त्या पट्ट्यांना क्षणभर टेकवा. ठप्प असा आवाज येऊन कागद पुढे किंवा मागे हलला तर कॉइल जिवंत आहे. मीटर असेल तर ओहम मोजा : ८ ओहमच्या स्पीकरवर साधारण ६ ते ७ येतात, १६ च्या स्पीकरवर १२-१३, ४ च्या स्पीकरवर ३ ते साडेतीन. आकडा छापलेल्यापेक्षा कमी येतो म्हणून घाबरू नका, तसाच येतो. काहीच आकडा आला नाही तर कॉइल तुटलीय. कागद दोन्ही हातांनी हलकेच दाबा. आत घासल्याचा खरखर आवाज येत असेल तर कॉइल जागेवरून सरकलीय.

आणि एक खूण लक्षात ठेवा : अ‍ॅम्प सुरू करताच कागद एका बाजूला ढकलला जाऊन तिथेच थांबला, वर घुंऽऽ आवाज आला, तर त्याच क्षणी बंद करा. पॉवर ट्रान्झिस्टर शॉर्ट होऊन स्पीकरमध्ये डीसी जातोय. आणखी थोडा वेळ चालू ठेवलात तर स्पीकरही जळेल.

माझा अ‍ॅम्प व्हॉल्व्हचा आहे. त्याच्यासाठी काही वेगळं?

हो, आणि हे काळजीपूर्वक वाचा.

व्हॉल्व्ह अ‍ॅम्प स्पीकर न जोडता कधीही वाजवू नका. ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प ते बहुधा सोसतो, व्हॉल्व्हचा नाही. स्पीकरचा भार नसला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये प्रचंड व्होल्टेज उठतं आणि आतलं इन्सुलेशन फुटतं. अ‍ॅम्पमधला महागडा आणि मिळायला कठीण भाग तोच. म्हणून आवाज गेला की व्हॉल्यूम वाढवून बघायच्या आधी स्पीकरची वायर नीट बसलीय का ते बघा. ती वायर गिटारची नसावी, जाड स्पीकर वायरच हवी. गिटारची बारीक वायर जास्त करंटला गरम होते आणि आत सुटली की पुन्हा तोच धोका.

मग स्टँडबाय स्विच. तो स्टँडबायवर असेल तर दिवा लागतो, व्हॉल्व्ह तापतात, आवाज मात्र येत नाही.

खोली अंधारी करून मागून बघा. प्रत्येक व्हॉल्व्हच्या पोटात बारीक नारिंगी उजेड दिसायला हवा. एखादा विझलेला असेल तर तो गेला किंवा त्याचा सॉकेट सैल झालाय. मोठ्या पॉवर व्हॉल्व्हमधला करडा पत्राच लाल तापलेला दिसला तर ताबडतोब बंद करा. एखाद्याच्या काचेला वरून पांढरा दुधी डाग आला असेल तर आत हवा शिरलीय, तो बाद.

छोटे प्रीअ‍ॅम्प व्हॉल्व्ह, म्हणजे १२एएक्स७ किंवा तोच ईसीसी८३, घरी बदलून बघता येतात. अ‍ॅम्प बंद, थंड, कॉर्ड काढलेली. एक खात्रीचा व्हॉल्व्ह घेऊन एकेका जागी घालून बघा. यांना बायस, म्हणजे व्हॉल्व्हमधून वाहणारा करंट जुळवणं, लावावं लागत नाही. ईएल३४, ईएल८४, ६एल६ असे पॉवर व्हॉल्व्ह जोडीने जुळवून घ्यावे लागतात आणि बहुतेक अ‍ॅम्पमध्ये बायस तपासावं लागतं. ते काम जाणकाराकडेच द्या.

सुरुवातीला वाजतो, वीस मिनिटांनी आवाज जातो, थंड झाल्यावर परत येतो.

ही उष्णतेची तक्रार आहे. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत ती माझ्याकडे सारखी येते. पारा ४२-४३ ला असतो, वर पत्र्याचा मंडप, खाली भिंतीला पाठ लावून ठेवलेला अ‍ॅम्प. आतली हवा निघायला वाटच नसते.

दोन कारणं असतात. पहिलं, अ‍ॅम्प स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. काही अ‍ॅम्पमध्ये तापमानाचा कटआउट असतो, तो थंड झाल्यावर परत जोडतो. तेव्हा मागची जाळी मोकळी ठेवा, भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, पंखा असेल तर त्याच्या पात्यांवर साचलेलं सूत काढा. स्पीकर किती ओहमचा जोडलाय तेही तपासा. ८ ओहमच्या अ‍ॅम्पला दोन ८ ओहमचे स्पीकर समांतर जोडले की ४ ओहम होतात आणि ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प जास्त तापतो.

दुसरं कारण ड्राय सोल्डर. जॅक, पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या बटणामागचा भाग), मोठे रेझिस्टर यांच्या पायांभोवती सोल्डरला बारीक गोल भेग पडते. थंड असताना ती टेकलेली असते, तापून धातू पसरला की सुटते. अ‍ॅम्पच्या पेटीला वरून हलकी थाप मारली आणि आवाज आला-गेला, तर हेच. भिंगाखाली ती भेग पायाभोवती करड्या वळ्यासारखी दिसते. जुनं सोल्डर ओढून काढून नवीन घातलं की अ‍ॅम्प पुढची कित्येक वर्षं नीट चालतो. थाप मारून मारून वाजवत राहू नका, भेग वाढते आणि बोर्डावरची तांब्याची पट्टी उचलली जाते.

उष्णतेचा आणखी एक परिणाम हळूहळू होतो. आतले इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर उष्णतेने सुकतात. तापमान १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा ठोकताळा आहे. उन्हाळ्यात अ‍ॅम्प बंद गाडीत ठेवू नका.

मंडपात वाजवताना एकदम दिवे भगभगले आणि अ‍ॅम्प मेला. काय झालं असेल?

बहुधा न्यूट्रल तुटला. मंडपाला तीन फेज आणलेले असतात आणि प्रत्येक फेजवर वेगळा भार असतो. न्यूट्रलची वायर सुटली की ज्या फेजवर भार कमी, तिथलं व्होल्टेज २३० वरून वर चढत जातं, पार ४०० च्या जवळ पोहोचू शकतं. गणपतीत आणि जयंतीच्या मिरवणुकांत, रातोरात जोडलेल्या बोर्डांवर हे घडतं. जनरेटरचं व्होल्टेज नीट लावलेलं नसलं तरी असंच होतं.

असा अ‍ॅम्प पुन्हा सुरू करून बघू नका. फ्यूज बदलूनही नको. तसाच घेऊन या. पुढच्या वेळी जोडण्याआधी बोर्डावर मीटर लावून व्होल्टेज बघा, २०७ ते २५३ च्या दरम्यान असायला हवं. हे तपासायला अर्धा मिनिट लागतो. मंडपवाल्या दादांना सांगायला संकोच करू नका, त्यांचेही दिवे वाचतात.

घरघर येते म्हणून प्लगची तिसरी पिन काढली तर चालेल का?

नाही. कुणी कितीही सांगितलं तरी नाही. ती अर्थिंगची पिन आहे. गिटारच्या तारा, ब्रिजचा लोखंडी भाग, सगळं अ‍ॅम्पच्या चेसिसला जोडलेलं असतं. आत दोष झाला आणि अर्थिंग नसलं तर वीज तारांवर येते. तुमचा हात तारांवर असतो आणि ओठ माइकला टेकलेले असतात. घरघरीसाठी सगळी वाद्यं एकाच बोर्डावर घ्या, पॉवरच्या वायरी आणि गिटारच्या वायरी वेगळ्या ठेवा, वायरीची जाळी तपासा. जुन्या वाड्यात किंवा चाळीत राहत असाल तर आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या.

मुलाने अमेरिकेहून अ‍ॅम्प आणला. लावला आणि फट् आवाज होऊन बंद पडला.

तो १२० व्होल्टचा असणार, आपल्याकडे २३०. फ्यूज उडालाच असेल. नशीब असेल तर फक्त फ्यूज, किंवा जास्त व्होल्टेज अंगावर घेणारा एक छोटा भाग. अ‍ॅम्पच्या पाठीवर व्होल्टेज बघा. काहींना ११५-२३० असा बदलायचा स्विच असतो. नसेल तर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घ्या, आणि तो अ‍ॅम्पवर छापलेल्या वॅटपेक्षा भरपूर मोठा घ्या.

डिजिटल मॉडेलिंग अ‍ॅम्प आहे. त्याचा आवाज गेला.

आधी दुसऱ्या प्रीसेटवर (साठवून ठेवलेल्या सेटिंगवर) जा, एखाद्या प्रीसेटचा व्हॉल्यूम शून्यावर सेव्ह झालेला असतो. मग फॅक्टरी रीसेट. त्याआधी तुमचे प्रीसेट कॉम्प्युटरवर उतरवून ठेवा. बाकी जॅक, स्पीकर, वायर यांचे दोष सगळ्या अ‍ॅम्पना सारखेच.

मी स्वतः उघडू का?

छोटा ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प, कॉर्ड काढून, जॅक आणि पॉट साफ करण्यापुरता : उघडा, हरकत नाही. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प : नको. आत ३०० ते ४५० व्होल्ट डीसी असतो आणि कॉर्ड काढल्यावरही तो मोठ्या कॅपॅसिटरमध्ये साठून राहतो. बंद अ‍ॅम्प म्हणजे रिकामा अ‍ॅम्प नव्हे. मी स्वतः रेझिस्टर लावून तो उतरवतो, मीटरवर शून्य बघतो आणि मगच बोट आत घालतो. इतक्या वर्षांत एकदाही हा क्रम चुकवलेला नाही.

साफ करायला इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट क्लीनर वापरा. रॉकेल, पेट्रोल, गंजलेल्या नटबोल्टांना मारायचा तेलकट स्प्रे, यातलं काही नको. तेलाचा थर राहतो आणि आपल्याकडची धूळ-सूत त्यावर चिकटतं, तीन महिन्यांत पहिल्यापेक्षा वाईट होतं. पॉट खरखरत असेल तर मागच्या फटीतून थोडा फवारा आणि बटण तीस-चाळीस वेळा फिरवा. पंधरा मिनिटं सुकू द्या, मगच सुरू करा.

दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

जॅक, पॉट, ड्राय सोल्डर, स्पीकरची वायर, फ्यूज : डोळे झाकून दुरुस्त करा. स्पीकरची कॉइल जळाली तर नवा कागद आणि कॉइल बसवून मिळते, पण गिटारच्या स्पीकरचा स्वभाव बदलतो, ते आधी ऐकून ठरवा. स्वस्त सराव-अ‍ॅम्पचा बोर्डच जळाला असेल तर मी नवा घ्यायला सांगतो. जुन्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचा ट्रान्सफॉर्मर गेला तरी मी दुरुस्तीच सांगेन. तो गुंडाळून मिळतो, आणि तसा अ‍ॅम्प पुन्हा हाती लागत नाही.

दुरुस्तीला आणताना काय काय आणू?

अ‍ॅम्पसोबत तीच पॉवर कॉर्ड, तीच गिटारची वायर आणि फूटस्विच आणा. स्पीकर वेगळा असेल तर तोही. आणि एका कागदावर लिहून आणा : आवाज गेला तेव्हा काय सुरू होतं, एकदम गेला की हळूहळू, आधी खरखर होती का, जळका वास आला का, तो सॉकेट घरचा होता की मंडपातला, नंतर तुम्ही काय काय करून बघितलं. शेवटचं लाजून लपवू नका. तारेचा तुकडा घातला असेल तर तेही लिहा, मला शोधायला सोपं जातं.

स्कूटरवरून आणणार असाल तर व्हॉल्व्ह अ‍ॅम्प आधी तासभर थंड होऊ द्या. तापलेल्या व्हॉल्व्हला खड्ड्यातले धक्के सोसत नाहीत. चादर जाड घ्या, आणि अ‍ॅम्पचं तोंड तुमच्या पायांकडे ठेवा, म्हणजे स्पीकरच्या जाळीला किल्ली लागत नाही.